ठिकाणावर नसलेले मन

माणूस बरा आहे म्हणजे काय, हे मराठी भाषा बहुधा जागेच्या शब्दांत सांगते. 'स्वस्थ' म्हणजे स्वतःच्या ठायी असलेला. तोल गेला की 'डोके ठिकाणावर नसते', काळजी लागली की 'मन थाऱ्यावर नसते', संकट कोसळले की 'पायाखालची जमीन सरकते'. आपण वर्गात यांना वाक्प्रचार म्हणतो, वाक्यात उपयोग करायला लावतो आणि पुढे जातो. बोलणाऱ्याने मात्र आपल्या दुःखाचा एक नकाशा आपल्यापुढे ठेवलेला असतो. तो वाचण्याचे शिक्षण साहित्याच्या वर्गात मिळायला हवे, आणि त्याची खरी गरज समुपदेशनाच्या खोलीत व संस्थांच्या कारभारात आहे, असे आमचे म्हणणे आहे.

रूपक हा केवळ भाषेचा अलंकार नसून विचार करण्याची रीत आहे, हे जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये मांडले. न्यूझीलंडचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड ग्रोव्ह (मृत्यू २००८) यांनी आघात सोसलेल्या माणसांबरोबर काम करताना याच जाणिवेवर एक पद्धत उभी केली. समोरचा म्हणाला, 'छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटते', तर उपचारकाने धीर द्यायचा नाही, अर्थही लावायचा नाही. त्याचाच शब्द उचलून विचारायचे : तो धोंडा नेमका कुठे आहे? कसा आहे? त्याविषयी आणखी काही? पुढे ग्रोव्ह यांनी खोलीतली जागाही कामाला लावली. माणसाने एका जागी उभे राहून आपल्या प्रश्नाकडे पाहायचे, मग दुसऱ्या जागी जायचे आणि तिथून काय कळते ते सांगायचे. जागा बदलली की दिसणे बदलते, एवढेच या पद्धतीचे सूत्र.

आपल्या परंपरेला दृष्टांत नवा नाही. केसोबासांनी सिद्ध केलेल्या 'दृष्टांतपाठा'त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तिहेरी रचनाच आहे. पण तिथे प्रतिमा गुरूकडून शिष्याकडे येते. ग्रोव्ह यांनी ही दिशा उलटवली. प्रतिमा दुःखिताची, आणि तिचा अर्थही तोच शोधणार. हा फरक लहान नाही.

खानदेशातल्या वाचकाला याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. असोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. तिशीत वैधव्य आले. जात्यावर आणि शेतात त्यांनी रचलेली गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आली. मनाविषयीच्या त्यांच्या प्रसिद्ध कवितेत मन हे हाकलले तरी पिकाकडे परतणारे जनावर आहे. आपण तिथे उपमा की रूपक, याची चर्चा करतो. पण ती प्रतिमा ज्या जागेतून आली तिथे शेत आहे, बांध आहे, राखणदार आहे. म्हणजे दुखणे आणि त्यावर करायची हालचाल एकाच चित्रात आहेत. मनाला यंत्र म्हणणाऱ्याला दुरुस्ती सुचते. मनाला गुरू म्हणणाऱ्याला राखण सुचते. कोणते चित्र बरे, हे बाहेरच्याने ठरवायचे नाही. चित्र ज्याचे आहे त्याच्याबरोबर त्या शेतात उतरता आले पाहिजे.

यात धोकाही आहे. सुसान सोंटॅग यांनी १९७८ मध्ये आजाराच्या रूपकांवर कठोर टीका केली. कर्करोगाला युद्ध म्हटले की बरा न होणारा रुग्ण हरलेला सैनिक ठरतो. ही टीका आम्हाला मान्य आहे. मात्र तिचा रोख समाजाने लादलेल्या रूपकांवर आहे. प्रेरणादायी व्याख्यानांतून मुलांच्या माथी मारली जाणारी शर्यत, शिखर, रणांगण ही चित्रे याच जातीची. शर्यतीत मागे पडलेल्या मुलाला त्या चित्रात उभे राहायला जागाच नसते.

बोलीचा प्रश्न इथेच येतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. ही मोठीच सोय आहे. पण दूरध्वनीवर चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. उरतो तो शब्द. अहिराणी किंवा लेवा गणबोलीत बोलणाऱ्याचा शब्द ऐकणाऱ्याने मनात 'चिंता', 'नैराश्य' असा प्रमाण भाषेत फिरवून घेतला, तर त्यातली जागा पुसली जाते आणि नकाशा हरवतो.

संस्थांचेही असेच आहे. आपल्याकडे अधिकारांच्या रचनेला 'उतरंड' म्हणतात. एकावर एक रचलेल्या मडक्यांत खालचे हलले की सगळेच कोसळते, म्हणून खालच्याने हलायचे नाही, हा धडा त्या शब्दातच आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी शेकडो वर्षे चाललेल्या फड पद्धतीचे चित्र याहून वेगळे आहे. बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत वाटलेले, एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्यांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या. पाणी कमी पडले तर कोणता फड कोरडा ठेवायचा हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे, म्हणजे तोटाही वाटला जातो. आज ही पद्धत पुष्कळ ठिकाणी मोडकळीस आली आहे, तरी संस्था आडवी पसरलेली असू शकते, एवढे ती दाखवून देते.

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीला नवे शैक्षणिक धोरण आले. त्याची भाषाही जागेचीच आहे. विषयांचे गट म्हणजे 'व्हर्टिकल', आणि शिक्षण म्हणजे बहुप्रवेश-बहुनिर्गमनाची, अनेक दारांची इमारत. चित्र आकर्षक आहे. पण धोरण समजावून सांगणाऱ्या सभेत, 'या इमारतीत तुम्ही कुठे उभे आहात? तिथून काय दिसते?' असा प्रश्न शिक्षकाला वा विद्यार्थ्याला क्वचितच विचारला जातो. साक्री किंवा चोपडा तालुक्यातून रोज एसटीने येणाऱ्या मुलीला बाहेर पडायचे दार आधी दिसत असेल, आणि परत आत येण्याची वाट दिसतच नसेल. हे कळण्यासाठी तिच्या जागेवरून पाहावे लागते. बदल वरून जाहीर होतो आणि खाली रुजत नाही, याचे एक कारण हेही आहे.

साहित्याच्या शिक्षकाने मानसोपचारक व्हावे, असे आम्ही म्हणत नाही. ते काम प्रशिक्षित माणसाचे आहे आणि गरज असेल तेव्हा विद्यार्थ्याला त्याच्याकडे पोचवणे हे आपले कर्तव्य आहे. पण प्रतिमा न मोडता ऐकणे, तिला आपला अर्थ न चिकटवणे आणि ती कोणत्या भूमीतून उगवली हे ओळखणे, ही कौशल्ये साहित्याची आहेत. अलंकारांच्या तासाला व्याख्येबरोबर एकच सराव द्यावा : दोघांनी समोरासमोर बसावे, एकाने बोलावे आणि दुसऱ्याने फक्त त्याचेच शब्द वापरून प्रश्न विचारावेत. बोलणारा आपल्या बोलीत बोलेल. रूपकाची व्याख्या त्यानंतर सांगितली तरी चालेल. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव मिळाले. त्या विद्यापीठाच्या वर्गांत हा सराव सुरू झाला, तर ते नाव पाटीवरून थोडे आत येईल.