हृदयातले कॅल्शियम, घरच्यांची तपासणी

सीटी स्कॅनच्या अहवालात ‘हृदयाच्या स्नायूत कॅल्शियम’ अशी ओळ दिसली की घरात पहिली गदा येते ती दुधावर आणि कॅल्शियमच्या गोळ्यांवर. हे परस्पर बंद करणे चुकीचे आहे. असे कॅल्शियम दिसण्याचे एक कारण म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. या बहुतांशी आनुवंशिक आजारात डाव्या कप्प्याची भिंत १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड होते. एवढ्या स्नायूला बारीक रक्तवाहिन्या पुरेसे रक्त पुरवू शकत नाहीत. काही पेशी मरतात, तिथे व्रण उरतो आणि त्या निर्जीव भागात कॅल्शियम साचू शकते, रक्तातले प्रमाण अगदी ठीक असतानाही. असे साठे क्वचित आढळतात. पण आढळलेच तर व्रण किती पसरला आहे हे एमआरआयने पाहायला हवे, कारण हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडतात ते बहुधा व्रणामुळेच. कोरोनरी धमन्यांचा कॅल्शियम स्कोअर ही वेगळी बाब.

आमचा आग्रह मात्र कुटुंबाच्या तपासणीचा आहे. साधारण ५०० माणसांत एकाला हा आजार असतो. रुग्णाचे आई-वडील, भावंडे, मुले यांचा ईसीजी आणि टूडी इको व्हायलाच हवा. प्रत्यक्षात हातात गोळ्यांची चिठ्ठी पडते, मुलांचा विषयही निघत नाही. डिस्चार्ज कार्डावर ही सूचना ठळक छापा, जिल्हा रुग्णालयांत इकोची सोय करा. खेळताना भोवळ येणे हे याच आजाराचे लक्षण असू शकते; अशा पडलेल्या मुलाला ‘सकाळी काही खाल्लं नसशील’ म्हणत घरी पाठवणे आता थांबलेच पाहिजे.