पत्र पोचले, वाचले कोणी?

सकाळी कचेरीत येऊन संगणक सुरू करावा आणि रात्रीतून साचलेल्या ई-मेलांची लांबलचक रांग समोर उभी असावी, हा अनुभव शाळेच्या मुख्याध्यापकापासून विद्यापीठाच्या परीक्षा विभागातील लिपिकापर्यंत सर्वांच्याच अंगवळणी पडला आहे. त्या रांगेत वरिष्ठ कार्यालयाचे परिपत्रक असते, तेच परिपत्रक आणखी तीन ठिकाणांहून फिरून आलेले असते, 'माहिती तात्काळ सादर करावी' असे स्मरणपत्र असते, पुस्तकविक्रेत्याची जाहिरात असते; आणि या गर्दीत कोठेतरी गुणपत्रिकेतील चूक दुरुस्त करून मागणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्जही असतो. जाहिरात चार दिवस पडून राहिली तर कोणाचेच बिघडत नाही. विद्यार्थ्याचा अर्ज पडून राहिला तर त्याचे वर्ष वाया जाऊ शकते.

या पुरावर सर्वत्र सुचवला जाणारा उपाय म्हणजे स्वयंचलित नियम. पत्र पाठवणाऱ्याचे नाव किंवा विषयाच्या ओळीतील शब्द पाहून यंत्राने ते ठराविक फोल्डरमध्ये टाकावे, दुसऱ्याकडे धाडावे किंवा नष्ट करावे, अशी ही योजना आहे. तिची गरज फार लवकर भासली, यात नवल नाही. संगणकांच्या जाळ्यावरून पहिले पत्र रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये धाडले आणि १९७८ मध्ये एका संगणक कंपनीची जाहिरात त्याच जाळ्यावरील शेकडो लोकांच्या माथी एकदम मारली गेली. पुढे २००१ मध्ये असे नियम लिहिण्यासाठी एक प्रमाण भाषा प्रसिद्ध झाली. तिचे नाव 'सीव्ह', म्हणजे चाळणी. तिच्या कर्त्यांनी तिची शक्ती हेतुपुरस्सर मर्यादित ठेवली होती, हे विसरता येत नाही. चाळणीने चाळावे, त्यापलीकडे काही करू नये, अशीच जणू त्यांची भूमिका होती.

या साधनाला विरोध करण्याचे कारण नाही. आवक-जावक बारनिशी सांभाळणारा लिपिक तरी दुसरे काय करीत होता? टपाल फोडावे, शिक्का मारावा, क्रमांक घालावा आणि पत्र ज्या त्या टेबलाकडे रवाना करावे, हेच त्याचे काम होते. परंतु तो लिपिक पत्र वाचत असे, आणि पत्र कोणाकडे गेले याची नोंद चारचौघांना दिसेल अशा वहीत राहत असे. स्वयंचलित नियम पत्र वाचत नाही. तो केवळ अक्षरे जुळवतो. अक्षरे जुळवणे आणि अर्थ समजणे यांत किती अंतर आहे, हे इंग्लंडातील स्कन्थॉर्प या गावाच्या रहिवाशांना १९९६ मध्ये कळून चुकले. गावाच्या नावात एका अशिष्ट शब्दाची अक्षरे येतात, एवढ्यावरूनच एका कंपनीच्या संगणकाने त्यांची नोंदणी नाकारली होती.

मराठीत तर ही अडचण अधिकच वाढते. 'रजा' हा शब्द शोधण्यास सांगितलेल्या नियमाला 'रजेचा अर्ज' सापडत नाही; 'परीक्षा' शोधणाऱ्याच्या हातून 'परीक्षेबाबत' निसटते. सामान्यरूपाचे व्याकरण शाळकरी मुलाला कळते, नियमाला कळत नाही. विषयाची ओळ कोरी ठेवून कागदाचे छायाचित्र जोडणारा पालक तर त्याच्या हिशेबी नसतोच. अलीकडे पत्राच्या मजकुरावरून वर्गवारी करणारी यंत्रणा आली आहे. तिच्या चुका कदाचित कमी होतील. पण झालेल्या चुकीचा जाब तिला विचारता येणार नाही.

मग जाब द्यायचा कोणी? याबाबत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या १३ व्या कलमानुसार, उभयपक्षी वेगळे काही ठरले नसेल तर, पत्र स्वीकारण्यासाठी नेमून दिलेल्या संगणक-व्यवस्थेत ते शिरताक्षणीच पोचले असे मानले जाते. ते कोणत्या फोल्डरात पडले, कोणी उघडले की नाही, हा प्रश्न कायदा विचारीत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत निर्णय द्यावा लागतो. व्यक्तीच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. नियमाने अर्ज बाजूला सारला तरी मुदतीचे घड्याळ थांबत नाही. 'ते पत्र आमच्या पाहण्यात आले नाही' हे उत्तर पूर्वी टपालखात्यावर ढकलता येत असे. आता तीही सोय उरलेली नाही.

म्हणून नियम करण्यापूर्वी काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. नियमाने पत्र वेगळे ठेवावे, नष्ट करू नये. प्रत्येक फोल्डरला एक जबाबदार व्यक्ती आणि ते उघडण्याची ठरलेली वेळ असावी. ज्या फोल्डरला वाली नाही ते फोल्डर नव्हे, ती केराची टोपली होय. नियम क्रमाने लागू होतात, वरचा नियम खालच्याचे काम अडवू शकतो. तेव्हा त्यांची यादी कागदावर असावी आणि बदलीच्या वेळी ती पदभाराच्या कागदपत्रांबरोबर सोपवली जावी. अन्यथा जुन्या लिपिकाने केलेला नियम तो गेल्यावरही पत्रे त्याच्याच नावे पाठवीत राहतो आणि नव्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. ही यादी महिन्यातून एकदा तपासण्यास दुसरेही कारण आहे. खात्यात चोरवाटेने शिरलेले भामटे सर्व पत्रांची प्रत स्वतःकडे वळवणारा नियम गुपचूप करून ठेवतात, हा प्रकार आता सर्वज्ञात आहे.

मूळ दुखणे मात्र याहून वेगळे आहे. टपाल तुंबते ते मुख्यतः पाठवणाऱ्यांच्या सैल हातामुळे. कागदाच्या काळात प्रत काढायला कार्बन लागे, पाकीट लागे, तिकीट लागे. त्यामुळे 'माहितीसाठी प्रत' कोणाकोणाला धाडावी याचा विचार होई. आता एका बोटाच्या दाबासरशी पन्नास जणांना प्रत जाते आणि पाठवणारा जबाबदारीतून मुक्त झाल्याच्या आनंदात राहतो. जो तो दुसऱ्याच्या दारात पाणी सोडणार आणि प्रत्येकजण आपल्या दाराशी बांध घालणार, ही व्यवस्था फार काळ टिकणारी नाही. वरिष्ठ कार्यालयांनी अनावश्यक प्रती आणि स्मरणपत्रे आवरली, तर खालच्यांना निम्मे नियम करावेच लागणार नाहीत.

तोवर चाळणी हवीच. परंतु चाळून झाल्यावर वरचा कोंडा टाकण्यापूर्वी त्यात एखादा दाणा तर राहिला नाही ना, हे पाहण्यासाठी तो हातात घ्यावा लागतो, ही गोष्ट घराघरात ठाऊक आहे. कचेऱ्यांनीही ती लक्षात ठेवावी. त्या कोंड्यात राहून जाणारा दाणा बहुधा अशाच कोणाचा तरी अर्ज असतो, ज्याला दुसऱ्यांदा अर्ज करण्याइतकी मुदत उरलेली नसते.