संयमाचे पारितोषिक

मद्य वर्ज्य केल्याबद्दल रोग्यास बक्षीस द्यावयाचे, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास विचित्र वाटते. जे माणसाने स्वतःच्या हितासाठीच करावयाचे, त्यासाठी लाच कशाला, असा प्रश्न सहज उद्भवतो. परंतु मद्यासक्ती ही व्याधी आहे, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. आणि व्याधीवरील उपायाची परीक्षा त्याने गुण येतो की नाही यावरूनच व्हावयास हवी.

मद्याचा पेला काही मिनिटांत सुख देतो. संयमाची फळे, म्हणजे सुधारलेले यकृत, घरातील शांतता, गाठीस राहिलेला पैसा, महिन्यांनी हाती लागतात. आसक्त मनाच्या तराजूत जवळचे लहान सुख दूरच्या मोठ्या लाभाहून जड ठरते. पारितोषिक संयमाच्या पारड्यात एक जवळचे वजन टाकते, इतकेच.

अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ नॅन्सी पेट्री यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. मद्यासक्त अशा ४२ माजी सैनिकांपैकी काहींना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना तेच उपचार आणि शिवाय श्वासात मद्य न आढळल्यास भांड्यातून चिठ्ठी काढण्याची संधी मिळाली. बहुतेक बक्षिसे क्षुल्लक, एखादेच मोठे. आठ आठवड्यांच्या अखेरीस पारितोषिक मिळविणाऱ्यांपैकी ८४ टक्के उपचारात टिकून होते; दुसऱ्या गटातील केवळ २२ टक्के. मद्यापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६९ व ३९ टक्के होते. व्यसनी माणूस उपदेशाने कंटाळून निघून जातो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यांतील पहिले अंतर अधिक बोलके वाटेल.

मात्र एक अडचण होती. शरीर मद्याचा निचरा त्वरेने करते. शनिवारी रात्री घेतलेल्या मद्याचा सोमवारच्या श्वासात मागमूसही नसतो. रोग्याने दिवसातून दोन-तीनदा रुग्णालयात यावे, हे तर अशक्यच. या ठिकाणी दूरध्वनी उपयोगी पडला. २०१३ साली शीला अलेसी व पेट्री यांनी ३० जणांस भ्रमणध्वनी आणि श्वासातील मद्य मोजणारे लहान यंत्र दिले. संदेश येताच यंत्रात फुंकर घालावयाची, आकडा दिसेल अशी स्वतःची चित्रफीत काढून पाठवावयाची. वेळेवर चित्रफीत पाठविल्याचा अल्प मोबदला सर्वांनाच होता. निर्मद्य श्वासाबद्दल बक्षीस मात्र एकाच गटास. चार आठवड्यांत त्या गटाच्या सुमारे ८७ टक्के चाचण्या निर्मद्य ठरल्या, दुसऱ्याच्या ६७ टक्के. प्रयोग लहान होता, हे खरे. पण रोगी आपल्या घरी, आपल्या कामावर असतानाच हे साधले, हे विसरता येत नाही.

भारतास याची गरज किती आहे, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवरून कळते. मद्यपानाबाबत साहाय्याची गरज असलेले लोक ५ कोटी ७० लाख, आणि मद्यासक्तांपैकी कोणताही उपचार मिळालेला दर ३८ माणसांत एक. तालुक्याच्या गावी जावयाचे तर मजुराची दिवसाची मजुरी बुडते. शिवाय ओळखीचे कोणी पाहील ही लाज. वैद्य नसलेल्या, पण शिकविलेल्या समुपदेशकांकडूनही मद्यपींना गुण येतो, हे गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत सिद्ध झालेले आहे. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवाही सुरू आहे. या दोहोंस किराणा किंवा मुलांच्या वह्या-पुस्तकांच्या रूपातील लहानसे बक्षीस जोडून पाहणे शासनास जड नाही. ज्यास मटक्याचा नाद आहे, त्यास चिठ्ठीऐवजी ठरीव बक्षीसच द्यावे, हे सांगावयास नको.

बक्षीस थांबले की गुण ओसरतो, हा आक्षेप बराचसा खरा आहे. परंतु रक्तदाबाचे औषध थांबविल्यावर रक्तदाब वाढतो म्हणून ते औषध कोणी त्याज्य ठरवीत नाही. याहून गंभीर गोष्ट निराळी आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने बक्षिसाच्या आशेने एकाएकी मद्य सोडले, तर झटके येऊन वा वातभ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून आधी वैद्याची तपासणी, मग यंत्र, हा क्रम मोडता कामा नये.

आणि प्रश्न उरतो तो कायद्याचा. गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून आणि बिहारात २०१६ पासून दारूबंदी आहे. तेथे परवान्यावाचून मद्यप्राशन हाच गुन्हा. अशा ठिकाणी आपल्या श्वासाचा आकडा दाखविणारी चित्रफीत रोग्याने पाठवावी, म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावाच द्यावा! २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रोग्यास गोपनीयतेचा हक्क देतो खरा. पण न्यायालयाच्या आदेशापुढे तो हक्क थांबतो. तेव्हा या राज्यांत निर्मद्य चाचणीचीच नोंद ठेवावी आणि इतर चित्रफिती तत्काळ पुसून टाकाव्यात. न पाठविलेली चाचणी आणि मद्य आढळलेली चाचणी यांत पारितोषिकाच्या दृष्टीने काहीच भेद नसल्याने, उपचाराचे त्यात नुकसान होत नाही.