पडद्यावरची माणसे : लातूरचा 'भाऊ'

लातूरला समुद्र नाही. समुद्र राहू द्या, 2016 च्या उन्हाळ्यात लातूरकरांना प्यायचे पाणीदेखील मिरजेहून आगगाडीने आणावे लागले होते. अशा गावच्या माणसाच्या नावाने टीव्हीवर 'भाऊचा धक्का' उभा राहावा, ही गंमत सबंध महाराष्ट्राने 2024 च्या पावसाळ्यात घरबसल्या पाहिली. मुंबईकरांचा भाऊचा धक्का म्हणजे बोटी लागायची जागा. पण कलर्स मराठीवर 'बिग बॉस'चे पाचवे पर्व आले आणि शनिवार-रविवारच्या भागाला हेच नाव मिळाले. भाऊ म्हणजे सूत्रधार रितेश देशमुख, आणि आठवडाभर घरात उंडारलेल्यांना बसायचा तो धक्का!

हा भाऊ आपल्याकडचा, हे पाव्हण्यांना सांगण्यात त्या दिवसांत आमचे नांदेडकरही मागे नव्हते. एरवी लातूर आणि नांदेड एकमेकांचे फारसे कौतुक करीत नाहीत. विभागीय आयुक्तालय कुणाच्या गावात व्हावे, यावरून केवढे रण माजले होते! पण टीव्हीपुढे बसल्यावर सगळा मराठवाडा एक होतो.

रितेशचा जन्म 17 डिसेंबर 1978 चा, लातूरचा. त्या वेळी लातूर हा जिल्हादेखील नव्हता. तो 1982 साली उस्मानाबादेतून वेगळा निघाला. मूळ गाव शेजारचे बाभळगाव. वडील विलासराव तिथले सरपंच होते, 1980 ला आमदार झाले आणि 1999 ला मुख्यमंत्री. तीन भावांतला हा मधला. थोरला अमित आणि धाकटा धीरज, दोघेही पुढे राजकारणात गेले. मधल्याने मुंबईला वास्तुशास्त्राची पदवी घेतली आणि नट झाला. मुख्यमंत्र्याचा मुलगा सिनेमात जातो म्हटल्यावर लोक काय बोलले असतील, ते निराळे सांगायला नको.

पण नशिबाचा खेळ पाहा. 'तुझे मेरी कसम' हा त्याचा पहिला चित्रपट 3 जानेवारी 2003 ला लागला, आणि त्याच महिन्यात विलासरावांचे मुख्यमंत्रिपद गेले. मुलाची पाटी लागली आणि वडिलांची उतरली! त्या चित्रपटाची नायिका जेनेलिया डिसूझा पुढे 2012 साली देशमुखांची सून झाली. चित्रपटातली नायिका नायकाच्या घरी खरोखरच नांदायला यावी, असा शेवट लेखकालाही सहसा सुचत नाही.

मग 'मस्ती', 'क्या कूल हैं हम', 'धमाल' अशी विनोदी चित्रपटांची रांग लागली. त्यातले काही चित्रपट मुलाबाळांसह पाहण्याजोगे नव्हते, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. पण चार-पाच नटांच्या गोंधळात आपला विनोद वेळेवर टाकून बाजूला सरकायचे, ही कला सोपी नाही, आणि ती त्याला साधली होती.

2008 च्या अखेरीस जे घडले, ते मात्र विनोदाचे नव्हते. 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर पुन्हा मुख्यमंत्री झालेले विलासराव उद्ध्वस्त ताज हॉटेलची पाहणी करायला गेले. बरोबर रितेश होता आणि दिग्दर्शक रामगोपाल वर्माही होते. टीव्हीवर ती दृश्ये पुन्हा पुन्हा दाखवली गेली. माणसे मेली आहेत आणि हे सिनेमासाठी जागा पाहायला आले काय, असा ओरडा झाला. हल्ला थोपवता न आल्याचा रोष होताच, त्यात ही ठिणगी पडली आणि विलासरावांना पायउतार व्हावे लागले. केंद्रातले गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकर, तेही लातूरचेच, त्यांनी त्याआधीच राजीनामा दिला होता. आठवड्याभरात लातूरच्या दोन खुर्च्या गेल्या. त्यांतली मुंबईची खुर्ची आमच्या नांदेडच्या अशोकराव चव्हाणांना मिळाली. नांदेडात पेढे वाटले जात असताना लातूरच्या घराघरांत काय चालले असेल, याचा विचार त्या वेळी आम्ही किती जणांनी केला?

वडिलांची खुर्ची जाण्यात आपल्या पेशाचा वाटा आहे, असे सारा देश म्हणत असताना त्या तीस वर्षांच्या मुलाला काय वाटले असेल? पुढे 2010 साली त्याच वर्मांच्या 'रण'मध्ये रितेशने काम केले, टीव्हीवरच्या तरुण बातमीदाराचे. चित्रपटाचा विषय होता बातम्यांचा बाजार!

14 ऑगस्ट 2012 ला विलासराव गेले. त्यानंतर पाचच महिन्यांनी, जानेवारी 2013 मध्ये, रितेशची निर्मिती असलेला 'बालक पालक' आला. वयात येणाऱ्या मुलांच्या प्रश्नांना आईबापांनी सरळ उत्तरे द्यावीत, असे सांगणारा रवी जाधवांचा हा चित्रपट आमच्यासारख्या घरांतूनही पाहिला गेला. आणि त्याच वर्षी हेच गृहस्थ 'ग्रँड मस्ती'त होते! एका हाताने दिवा लावायचा आणि दुसऱ्याने फुंकर मारायची, याला काय म्हणावे? पण 2014 साली गौरी गाडगीळ या डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटूची कहाणी सांगणारा 'यलो' काढून त्याने त्याची भरपाई केली, असे मी मानते. त्याच वर्षी जूनमध्ये 'एक व्हिलन'मधला थंड डोक्याचा खुनी आणि जुलैत 'लय भारी'तला माउली अशी दोन टोके त्याने पंधरा दिवसांच्या अंतराने दाखवली. नायक म्हणून मराठीत यायला मात्र त्याला अकरा वर्षे लागली. 2022 च्या अखेरीस 'वेड' आला. त्यात दिग्दर्शनही त्याचेच, आणि जेनेलिया प्रथमच मराठी नायिका.

एवढे सगळे करूनही तो आमच्या घरात शिरला तो टीव्हीतून. ज्येष्ठ अभिनेत्री वर्षा उसगावकरांशी उद्धटपणे बोलणाऱ्यांना त्याने 'धक्क्या'वर खडसावले, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या सासवा आणि सुना दोघींनाही बरे वाटले! आवाज न चढवता, ओठांवर हसू ठेवून, नेमके वर्मावर बोट ठेवायचे. मतांचे गणित मात्र निराळे असते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात भावाच्या प्रचारासाठी लातुरात केलेले त्याचे भाषण राज्यभर ऐकले गेले, तरी धीरज लातूर ग्रामीणमधून हरला. अमित शहरातून निवडून आला.

'बिग बॉस'चा शेवटचा भाग 6 ऑक्टोबरला झाला. बारामतीकडच्या खेड्यातला, आईबापांवाचून वाढलेला सूरज चव्हाण जिंकला. रितेश त्याच्याशी बोलत होता आणि आमच्या मावशी, लातूरच्या माहेरवाशीण, टीव्हीकडे न बघता नुसत्या ऐकत होत्या. विलासरावांच्या सभा त्यांनी मैदानात बसून ऐकलेल्या. हातातली वात तशीच राहिली आणि त्या म्हणाल्या,

"अगं बाई, साहेबच बोलायलेत जणू!"