बढती मिळाली, आता माणसं कशी सांभाळायची?



आमच्या नवीन पनवेलमधले बरेच पालक तळोजा एमआयडीसीत नाहीतर नवी मुंबईतल्या ऑफिसांत नोकरीला आहेत. पालकसभा संपली की गप्पांत हल्ली हा विषय निघतोच. बढती मिळाली, हाताखाली दहा माणसं आली, आता बिझनेस कोचिंग घ्यावं का? खरंच काही उपयोग होतो का त्याचा?

माझ्या मते होतो. मशीन उत्तम चालवणारा माणूस सुपरवायझर झाला की अडतो. कालपर्यंत काम स्वतः करायचं होतं, आता ते दुसऱ्याकडून करून घ्यायचं असतं. (चांगला शिक्षक मुख्याध्यापक झाला की आपल्याकडेही हेच होतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय!) चांगला कोच इथे तयार उत्तर देत नाही. जॉन व्हिटमोर यांनी १९९२ च्या पुस्तकातून लोकप्रिय केलेल्या 'ग्रो' पद्धतीत तो प्रश्नच विचारतो : काय साधायचंय? आज परिस्थिती काय आहे? मार्ग कोणते? त्यातलं तुम्ही नक्की काय करणार? उत्तर स्वतः शोधलं की माणूस ते निभावतोही. वर्गात आपण हे रोज पाहतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांकडेच बघा ना. उद्योजक होण्याआधी ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, म्हणजे आपल्यातलेच! १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा सोबत कोण होतं? शंभुअण्णा जांभेकर, अनंतराव फळणीकर. दोघांचंही शिक्षण अर्धवट, पण तिथे ते नावाजलेले इंजिनियर झाले. दरोड्याची शिक्षा झालेल्या तुकाराम रामोशींकडे तर वाडीची राखण दिली होती! नुसती प्रमाणपत्रं बघितली असती तर यातलं कोणी निवडलंच गेलं नसतं. लक्ष्मणरावांनी माणूस ओळखला आणि खरी जबाबदारी हातात दिली.

म्हणूनच हॉलमध्ये दोन दिवस टाळ्या, गाणी, घोषणा आणि शेवटी सर्टिफिकेट, याला मी कोचिंग म्हणत नाही. त्या दोन दिवसांत बरं वाटतं, हे खरं. पण सोमवारी साधी रजा मंजूर करायलाही वरच्या साहेबांची सही लागत असेल, तर शिकलेलं वापरणार कुठे?

तेव्हा पालकहो, फी भरण्याआधी कोचला विचारा, माझ्या कामाबद्दल तुम्ही मला काय काय विचारणार? आणि साहेबांनाही विचारून ठेवा, उद्यापासून कोणते निर्णय माझे मला घेऊ देणार?