छडी गेली, पुढें काय?

शाळेंतील छडीस कायद्यानें रजा देऊन आतां बरींच वर्षें झालीं. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेला बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा आपल्या १७ व्या कलमानें मुलांस शारीरिक शिक्षा करण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास स्पष्ट मनाई करतो. असें असूनही आमच्या सुशिक्षित घरांतून वडील मंडळी गप्पांस बसली म्हणजे "मार नाहीं म्हणून शिस्त नाहीं" हें वाक्य हटकून ऐकूं येतें. मध्यंतरीं वाशीम जिल्ह्यांतील मानोरा तालुक्यांत एक लहानशी शाळा पाहण्याचा योग आला, आणि हें वाक्य कितपत खरें, याचा आम्हांस नव्यानें विचार करावा लागला.

मानोरा तालुका म्हणजे बंजारा समाजाच्या पोहरादेवीचा मुलूख. तेथील तांड्यांतून घरीं गोरमाटी बोली चालते. शाळेंतील पुस्तक मात्र मराठी. कित्येक आईबाप मजुरीसाठीं कांहीं महिने परगांवीं जातात; मुलें त्यांजबरोबर जातात, किंवा आजीआजोबांपाशीं मागें राहतात. आम्ही पाहिली ती शाळा दोन शिक्षकी. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हें कायद्याचेंच प्रमाण होय. इयत्ता चार आणि शिक्षक दोन, तेव्हां एका इयत्तेस शिकवीत असतां दुसरी मोकळी राहते. आणि वर्गांत गोंधळ माजतो तो या मोकळ्या इयत्तेंत. तेथील बाई प्रथम दुसरीच्या मुलांपुढें चिंचोके ओतून दहादहांचे ढीग करावयास सांगत, आणि मगच पहिलीकडे वळत. हाताला काम मिळालें कीं निम्मी शिस्त आपोआप येते, असें त्यांचें म्हणणें.

दुसरींतला एक मुलगा द्वाड म्हणून प्रसिद्ध होता. शेजाऱ्याची पाटी ओढणें हा त्याचा नित्याचा उद्योग. बाई आम्हांस म्हणाल्या, "मी त्याला रागें भरलें, कोपऱ्यांत बसवलें; उपयोग शून्य. पुढें लक्षांत आलें कीं मी काय करायला सांगतें तेंच त्याला कळत नाहीं. कळत नाहीं म्हणून तो शेजाऱ्याच्या पाटींत पाहतो, शेजारी पाहूं देत नाहीं, म्हणून ही ओढाओढ."

ज्यास आपण खोडी म्हणत होतों, ती त्या मुलाची मदतीची हाक होती!

मग बाईंनीं एका तक्त्यावर शब्दांच्या जोड्या लिहिल्या: भाकरीस बाटी, आईस याडी, असें पुढें. गोरमाटी शब्द साऱ्या वर्गास म्हणून दाखविण्याचा मान त्याच मुलास दिला. शाबासकी देण्याचीही त्यांची रीत ध्यानांत ठेवण्याजोगी वाटली. नुसतें "शहाणा आहेस" असें त्या म्हणत नसत. "आज तूं पाटी ओढली नाहींस, मागून घेतलीस" असें म्हणत. शहाणा म्हटल्यानें मूल सुखावतें खरें. पण उद्यां काय करावें तें त्यास या दुसऱ्या वाक्यानेंच कळतें.

तो मुलगा एका दिवसांत साधु झाला, असें मात्र कोणीं समजूं नये. आमच्या देखतच त्यानें मधल्या सुट्टींत भांडून पाण्याची कळशी लवंडली. बाईंनीं आवाज न चढवितां त्याच्या हातीं फडकें दिलें, सांडलेलें पाणी पुसून घेतलें, आणि विषय तेथेंच संपविला. चूक केली ती निस्तरावी लागली. चारचौघांत अपमान मात्र झाला नाहीं.

हा मार्ग आपल्याकडे अगदींच नवा नव्हे. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनींही मुलास दोष देण्यापूर्वीं कारण शोधलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच कुरणांत नेली. तीच त्यांची कुरणशाळा.

आतां आपल्या घराकडे वळूं. एकत्र कुटुंबांत एकाच मुलास आजोबा एक सांगतात, काका दुसरें, आणि आई स्वयंपाकघरांतून तिसरेंच. मूल गोंधळलें कीं आपण सारेच त्यास हट्टी ठरवितों. वर "थांब, मास्तरांना सांगतों" असा धाक घालून शाळेबद्दलची भीति आपणच त्याच्या मनांत पेरतों, आणि मुलाचें अभ्यासांत मन नाहीं म्हणून शिक्षकास बोल लावतों.

तेव्हां वडील मंडळींस व आमच्या भगिनींस एवढीच विनंती, कीं मुलानें खोडी केली तर आवाज चढविण्यापूर्वीं त्यास जवळ बसवून विचारावें, "तुला काय कळलें नाहीं, बाळ?" प्रत्येक वेळीं उत्तर मिळेलच असें नाहीं. परंतु ज्या वेळीं मिळेल, त्या वेळीं एक विनाकारण शिक्षा टळेल, आणि शिक्षा देणारे आपणच असल्यानें त्याचें समाधान मुलाइतकेंच आपणांसही होईल.