दुखणे एकाचे, हकीकत दुसऱ्याची

वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या आणखी नऊ महाविद्यालयांबरोबर झाले. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला आणि पुढे नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलेला हा जिल्हा या दिवसाची वाट पाहत होता. आता इमारत, खाटा, यंत्रे, प्राध्यापकांच्या जागा यांवर चर्चा होईल आणि ती व्हायलाच हवी. पण इथे शिकणाऱ्या मुलामुलींना रुग्णाच्या खाटेजवळ सर्वांत आधी शिकावी लागेल ती गोष्ट यंत्राची नाही. ती आहे हकीकत घेणे, डॉक्टरांच्या बोलीत ‘हिस्ट्री’. त्यातही अवघड हकीकत म्हणजे विसरणे, झोक जाणे, हात थरथरणे, पाय बधिर होणे, अंगावरून वारे जाणे अशा तक्रारी घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाची. ही हकीकत कुणाकडून घ्यायची, रुग्णाकडून की त्याला घेऊन आलेल्याकडून, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

सध्याचा रिवाज सर्वांच्या परिचयाचा आहे. बाबा स्टुलावर बसतात, मुलगा मागे उभा राहतो. डॉक्टर विचारतात, “काय होते?” आणि उत्तर मुलगा देतो. पुढचे सगळे प्रश्न मग मुलालाच जातात. बाबांशी बोलणे होते ते “जीभ दाखवा” आणि “हात वर करा” एवढेच.

हा विषय किती मोठा आहे ते आकड्यांवरून कळते. २०११च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार होती आणि पाचांपैकी चारांहून अधिक लोक खेड्यांत राहत होते. त्या वेळचे राज्यातले साठी ओलांडलेल्यांचे सुमारे १० टक्के प्रमाण लावले तरी जिल्ह्यात लाखाच्या वर वृद्ध निघतात. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाने साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असल्याचे सांगितले. ते ढोबळ मानाने इथे लावले तर हा आकडा नऊ हजारांच्या आसपास जातो. पक्षाघात, कंपवात, मधुमेहाने बिघडलेल्या नसा यांचे रुग्ण त्याहून वेगळे.

मेंदूच्या आजारात हकीकतीचे मोल आणखी वाढते, कारण आजार कसा आला यावरूनच त्याची जात बरीचशी ओळखू येते. क्षणात आलेला लुळेपणा बहुधा रक्तवाहिनीचा. पंधरा-वीस दिवसांत वाढलेला गोंधळ आणि त्याआधी न्हाणीत घसरून पडल्याची आठवण, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचल्याची शंका. वर्षांमागून वर्षे हळूहळू वाढलेला विसर वेगळ्या आजारांकडे बोट दाखवतो. १९७५ साली ब्रिटनमधल्या एका गाजलेल्या अभ्यासात बाह्यरुग्ण विभागातल्या ८० नव्या रुग्णांपैकी ६६ जणांचे शेवटचे निदान केवळ हकीकतीवरूनच बरोबर निघाले होते. पुढे सीटी स्कॅन सर्रास झाले, एमआरआय आले. पण कुठल्या भागाचा आणि किती तातडीने स्कॅन काढायचा, हे आजही हकीकतच ठरवते. ज्या जिल्ह्यातून मेंदूच्या तज्ज्ञासाठी अकोल्याला किंवा नागपूरला जावे लागते, तिथे हे अधिकच खरे.

घरच्यांना विचारण्याच्या बाजूने सबळ कारणे आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला आपण विसरतो हेच अनेकदा ठाऊक नसते. “मला काही झाले नाही” हे त्याचे उत्तर प्रामाणिक असते आणि चूकही असते. फीट येऊन गेलेल्याला त्या दोन मिनिटांचे काही आठवत नाही. मान कुठे वळली, जीभ चावली का, शुद्धीवर यायला किती वेळ लागला, हे बघणाराच सांगू शकतो. झोपेत हातपाय झाडणे, ओरडणे ही कंपवाताची वर्षानुवर्षे आधी मिळणारी खूण असू शकते आणि ती शेजारी झोपणाऱ्यालाच ठाऊक असते. पक्षाघातात तर “शेवटचे धडधाकट कधी पाहिले?” या एका प्रश्नावर सगळे अवलंबून असते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते आणि रुग्णाची वाचा गेली असेल तर ती वेळ घरचेच सांगणार. म्हणूनच १९८९ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी स्मृतिभ्रंश ओळखण्यासाठी केवळ जवळच्या माणसाला विचारायची प्रश्नावली तयार केली. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आज हा माणूस कसा आहे, एवढेच ती विचारते. पाटीला हात न लावलेल्या रुग्णाला लिहायला किंवा उलटी वजाबाकी करायला लावण्यापेक्षा हा मार्ग न्याय्य आहे.

तरीही दुसरी बाजू हलकी नाही. मुंग्या, बधिरपणा, एकाचे दोन दिसणे, डोक्यातली कळ या गोष्टी दुसऱ्या कुणाला दिसत नाहीत. “चक्कर येते” असे मुलगा सांगतो. पण आजीला भोवतालचे घर फिरल्यासारखे वाटते, की उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना झोक जातो, हे आजीच सांगेल, आणि या तिन्हींची कारणे निराळी आहेत. नसलेली माणसे दिसणे, जगणे नकोसे होणे, घरात जेवण न मिळणे किंवा मारहाण होणे, हे तर घरच्यांसमोर कुणी बोलत नाही. सातबाऱ्यावर सही हवी असलेल्या मुलाने “बाबांना भ्रम झालाय” म्हणणे आणि खरोखर भ्रम होणे यांतला फरकही डॉक्टरलाच ओळखावा लागतो. याउलट प्रेमाने सांभाळणारे घरही “साठी बुद्धी नाठी, वयच झाले” म्हणून महिनोन्महिने थांबते. ब-१२ जीवनसत्त्वाची किंवा थायरॉईडची कमतरता वेळेत सापडली तर उपचाराने बराच फरक पडतो, ती संधी अशा थांबण्यात जाते.

आणखी एक कारण निव्वळ वैद्यकीय आहे. रुग्णाचे बोलणे हीच मेंदूची तपासणी असते. शब्द अडतो का, एकच गोष्ट पुन्हा सांगितली जाते का, आवाज बारीक होत जातो का, उत्तरासाठी मान वळवून मुलाकडे पाहिले जाते का, यातून जे कळते ते घरच्यांच्या वर्णनातून कळत नाही. मुलानेच उत्तरे दिली की ही तपासणी होतच नाही. आणि ऐकू कमी येते का हे आधी पाहिले नाही, तर बहिऱ्या माणसाच्या माथी भ्रमिष्टपणाचा शिक्का बसतो.

या दोन बाजूंच्या मध्ये वाशिमसारख्या जिल्ह्यात एक तिसरी अडचण आहे. सोबत आलेला माणूस बहुतेक वेळा साक्षीदार नसतो. मोटारसायकलवरून घेऊन येतो तो पुतण्या. मुलगा पुण्याला कंपनीत असतो. आजीची खाण्यापिण्याची, झोपेची, गोळ्यांची खबर असते ती सुनेला, आणि ती घरी किंवा वावरात असते. मानोरा, मंगरूळपीरकडच्या तांड्यांवरून आलेल्या आजीची गोरमाटी बोली डॉक्टरला कळत नाही, म्हणून शाळकरी नातू दुभाषी होतो आणि आजी त्याच्यासमोर लघवीच्या तक्रारीबद्दल बोलत नाही. तेव्हा ‘नातेवाईकाला विचारा’ हा नियम पुरेसा नाही. खरे पाहणारे कोण ते आधी विचारायला हवे आणि तो माणूस समोर नसेल तर तिथूनच फोन लावायला हवा. फीटच्या झटक्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तर कुठल्याही वर्णनाहून उपयोगी पडतो.

विचारायचे काय, यातही इथल्या जगण्याची जाण लागते. तारीख न सांगता येणारी आजी ‘पोळ्याच्या आधी’, ‘सोयाबीन सोंगायच्या वेळेस’ असे अचूक सांगते. तो काळ धरूनच आजाराचा क्रम लावता येतो. आयुष्यभर फवारणी केलेला माणूस ती सांगण्याजोगी गोष्ट मानत नाही. शेजारच्या यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, तरीही हा प्रश्न मुद्दाम विचारल्याशिवाय उत्तर येत नाही. सर्वांत महत्त्वाची आहे गोळ्यांची पिशवी. चकरेसाठी वर्षानुवर्षे चालू राहिलेल्या सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिनसारख्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाला हुबेहूब कंपवातासारखी थरथर आणि ताठरपणा येऊ शकतो. गोळी बंद केली की अनेकांत तो कमी होतो. पिशवी उघडून न पाहता कंपवाताची आणखी एक गोळी सुरू करणे हा त्या रुग्णावर अन्याय आहे.

यावर डॉक्टरांचा आक्षेप रास्त आहे: वेळ कुठून आणायचा? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात भारतातल्या प्राथमिक तपासणीचा सरासरी वेळ सुमारे दोन मिनिटे निघाला होता. रांगेत शंभर माणसे उभी असताना प्रत्येक वृद्धाला अर्धा तास द्या, हा सल्ला खुर्चीत बसून देणे सोपे आहे. त्यामुळे काम वाटून घ्यावे लागेल. आशा सेविका गावात भरतात त्या ‘सीबॅक’ अर्जात साठीपुढच्यांसाठी तोल जातो का, जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरतो का, असे प्रश्न आधीच आहेत. अर्जाचा गुण हा की तो घरोघरी पोचतो. दोष हा की ‘हो-नाही’त कधीपासून आणि कसे हे हरवते. ‘हो’ आलेल्या वृद्धांपुरती एक जास्तीची चिठ्ठी, म्हणजे त्रास कधी सुरू झाला, कुणी पाहिला, घरात कोण सांभाळते, गोळ्या कोणत्या, एवढे आशाताईंनी किंवा परिचारिकेने लिहिले तर डॉक्टरची मिनिटे खऱ्या बोलण्याला मिळतील. मात्र आशाताईंवर आधीच कामांचे ओझे आहे. हे काम वाढवायचे तर त्याचा मोबदलाही वाढवावा लागेल. फुकट सेवेच्या अपेक्षेवर उभी केलेली योजना टिकत नाही.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचे मत असे आहे. शुद्धीवर असलेल्या आणि बोलू शकणाऱ्या प्रत्येक वृद्धाला पहिला प्रश्न त्यालाच विचारावा आणि निदान दोन-तीन मिनिटे तरी त्याच्याशी एकट्याने बोलावे. त्यानंतर, त्याला सांगून, खऱ्या साक्षीदाराला विचारावे. दोघांचे म्हणणे केसपेपरवर वेगवेगळे लिहावे, कारण त्यांतली तफावत हीच कधीकधी निदानाची किल्ली ठरते. पक्षाघात, फीट किंवा बेशुद्धी असेल तर हा क्रम उलटा करावा. तिथे सभ्यतेपेक्षा मिनिटे मोलाची आहेत.

नव्या महाविद्यालयाला ही सवय पहिल्या वर्षापासून लावता येईल. २०१९च्या अभ्यासक्रमाने संवादकौशल्य शिकवणे बंधनकारक केले आहे आणि कुटुंब दत्तक उपक्रमात विद्यार्थ्यांना खेड्यातल्या घरांत वर्षानुवर्षे जायचेच आहे. त्या घरांतल्या आजी-आजोबांची हकीकत आधी त्यांच्या तोंडून, मग सुनेच्या तोंडून लिहून आणणे हा त्या उपक्रमाचा नेमलेला भाग व्हावा. त्याला नवी यंत्रे लागत नाहीत आणि वेगळा निधीही लागत नाही.

घरच्यांनाही आमची विनंती आहे. दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी, जुने कागद आणि रोज सांभाळणाऱ्या माणसाचा फोन नंबर बरोबर घ्या. आणि डॉक्टरांनी बाबांना काही विचारले, तर उत्तर बाबांना देऊ द्या.